दुकानाची घरपट्टी वाढून आली? दराशी नको, मापाशी भांडा

नोटीस घेऊन माणूस माझ्याकडे येतो तेव्हा त्याचं बोट ठरलेल्या जागी असतं, सगळ्यात खालच्या आकड्यावर. "अण्णा, गेल्या वर्षी अकरा हजार भरले, आता एकोणीस म्हणतात. आता काय करायचं?" सांगलीत खणभागात बसून मी व्यापाऱ्यांच्या वह्या लिहितो. गणपती पेठेतले किराणावाले, कापड पेठेतले, हरभट रोडचे, कुपवाडला शेड टाकून बसलेले, सगळे येतात. सगळ्यांना मी आधी सांगतो: खालचा आकडा हातानं झाका. वर बारीक अक्षरात क्षेत्रफळ, वापर आणि बांधकामाचा प्रकार लिहिलाय, तो वाचा.

दर महापालिका ठरवते, शिक्षण कर सरकार ठरवतं. त्यावर एकट्या दुकानदाराचं काही चालत नाही. त्यासाठी संघटना आहेत, मोर्चे आहेत, त्यांना करू दे. तुमच्या हातात तीन गोष्टी राहतात: माप, वापर आणि तारीख. पुढचं सगळं या तिघांभोवती आहे.

आधी बघा, तुमचं दुकान कुणाच्या हद्दीत आहे

हा प्रश्न बावळटपणाचा वाटतो, पण निम्मे घोळ इथंच होतात. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली एक महापालिका झाली. सांगलीतून माधवनगरला निघालात की थोड्याच वेळात ग्रामपंचायतीची हद्द लागते. रस्ता तोच, धंदाही तोच, पण कर आकारायची पद्धत साफ वेगळी. एका गिऱ्हाइकानं शहरातल्या मित्राचा हरकत अर्ज जसाच्या तसा उतरवून ग्रामपंचायतीत दिला होता. ग्रामसेवकानं तो हसून परत केला.

महापालिका हद्दीत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागतो. हा १९४९ चा जुनाच कायदा, नाव तेवढं नवीन. बहुतेक ठिकाणी आकारणी भाडेमूल्यावर होते, म्हणजे तुमची जागा भाड्यानं दिली तर वाजवी भाडं किती येईल, हे धरून. भांडवली मूल्याची पद्धतही कायद्यात आहे. मुंबईनं ती २०१० पासून घेतली. आपल्या नोटिशीवर 'भाडेमूल्य', 'करयोग्य मूल्य' असे शब्द असतील तर पहिली पद्धत, 'भांडवली मूल्य' असेल तर दुसरी.

साताऱ्यात नगरपालिका आहे, तासगाव, विटा, कराड, वाई इथंही. तिथं १९६५ चा नगरपरिषद कायदा चालतो आणि आकारणीची यादी दर चार वर्षांनी नव्यानं होते. चतुर्वार्षिक आकारणी म्हणतात ती हीच. मूल्य ठरवतो तो नगररचना खात्याचा प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी, पालिकेचा कारकून नव्हे. त्यामुळं कारकुनावर आवाज चढवून उपयोग नसतो. साताऱ्याची हद्दवाढ २०२० मध्ये झाली, शाहूपुरी, विलासपूर शहरात आलं. तिथल्या दुकानदारांनी आपली जुनी ग्रामपंचायतीची पावती आणि नमुना आठचा उतारा (म्हणजे कर आकारणीच्या नोंदीची नक्कल) जपून ठेवावा. आधीची नोंद काय होती, याचा तोच पुरावा.

ग्रामपंचायतीत २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि भांडवली मूल्य आलं. जमिनीची आणि बांधकामाची किंमत रेडीरेकनरवरून, म्हणजे सरकारच्या बाजारभाव तक्त्यावरून धरायची, इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा (जुनेपणाची घट) वजा करायचा, वापराप्रमाणे भारांक लावायचा, म्हणजे ठरलेल्या आकड्यानं गुणायचं आणि येणाऱ्या रकमेवर दर हजारी कर. भारांक घराला १, कारखान्याला १.२०, दुकानाला १.२५. यातलं इमारतीचं वय हे तुमचं हत्यार. वडिलांच्या वेळचं १९८० चं बांधकाम नव्यानं प्लास्टर केलं म्हणून नवीन धरलेलं मी पाहिलंय. रेडीरेकनर १ एप्रिल २०२५ ला राज्यात सरासरी ३.८९ टक्क्यांनी वाढला. पुढच्या फेरआकारणीत त्या वाढीचा परिणाम दिसणारच, तेव्हा वयाचा पुरावा आत्ताच शोधून ठेवा.

नोटीस की बिल, हे ओळखा

बिल म्हणजे पैसे मागणं. विशेष नोटीस म्हणजे 'आम्ही तुमच्या नोंदीत असा बदल करणार आहोत, काही म्हणायचं असेल तर सांगा'. दोन्हींवर महापालिकेचं बोधचिन्ह असतं, दोन्ही शिपाईच आणून देतो, म्हणून लोक दोन्ही एकाच खिळ्याला लावतात. बिल खिळ्याला लावलं तर दंड लागतो. नोटीस खिळ्याला लावली तर हक्कच जातो, आणि तो वर्षानुवर्षांसाठी.

नोटिशीवर हरकतीची मुदत छापलेली असते. ती दिवसांत मोजलेली असते, महिन्यांत नाही. नोटीस ज्या दिवशी हातात पडली ती तारीख तिथंच पाकिटावर पेनानं लिहा, सही घेतली असेल तर कुणी घेतली तेही लिहा. दुकानातल्या पोऱ्यानं नोटीस घेतली आणि गल्ल्याखाली सरकवली, मालकाला ती दिवाळीच्या साफसफाईत सापडली, असं माझ्याच एका गिऱ्हाइकाचं झालं. मुदत कधीच संपली होती.

नवे दर कधी येतात? महापालिकेनं पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे, असं कायदा सांगतो. सांगलीच्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली आणि पुढं बराच काळ प्रशासकच होता, पण ही तारीख सभागृह बघत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत पेपरातलं महापालिकेचं अंदाजपत्रक वाचायची सवय लावा. कर १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर असा सहामाही देय होतो.

टेप घ्या आणि मोजा

आता मुद्द्याचं काम. सर्वेक्षणाची माणसं येतात, बाहेरून टेप टाकतात, फोटो काढतात, एका दुकानाला पाच मिनिटं देतात. चूक होणं साहजिक आहे. तुम्ही मात्र तासभर द्या.

हरभट रोडकडचं भांड्याचं एक दुकान. जुनी इमारत, भिंती दगड-मातीच्या, दीड फूट जाड. नोटिशीत क्षेत्र २४.६७ चौरस मीटर. मालक म्हणाले, "अण्णा, एवढं दुकान असतं तर मी वरच्या पातेल्यांना दोऱ्या कशाला बांधल्या असत्या?" आम्ही रविवारी दुकान बंद करून आतून माप घेतलं. रुंदी ३ मीटर, लांबी ६.७०. म्हणजे २०.१० चौरस मीटर. साडेचार चौरस मीटर गेले कुठं? भिंतीत. दोन्ही बाजूंच्या सामाईक भिंतींची निम्मी जाडी आणि मागची भिंत पूर्ण धरली की ३.४५ गुणिले ७.१५, बरोबर २४.६७ येतात.

म्हणजे सर्वेक्षणवाल्यानं चूक केली होती का? इथं थांबून विचारायचं की दराचं कोष्टक कुठल्या क्षेत्राला आहे, चटई क्षेत्राला (भिंतींच्या आतली जागा) की बांधीव क्षेत्राला (भिंती धरून)? बांधीवला असेल तर त्याचं माप बरोबर आहे, गप्प बसा. चटईला असेल तर तुम्ही भिंतीचं भाडं भरताय. सिमेंटच्या नव्या गाळ्यात हा फरक किरकोळ असतो, जुन्या पेठेत तो पाव दुकानाएवढा निघतो. कोष्टक करविभागात मागा. आकारणी पुस्तकातली आपली नोंद मालकाला फुकट पाहता येते, तसा नियम आहे. तोंडी नाही म्हणाले तर माहिती अधिकाराचा अर्ज द्या.

माप घेताना एक खोली, एक ओळ असं लिहा. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. नोटीस मीटरमध्ये आणि खरेदीखत फुटांत असतं, म्हणून दोन्ही लिहा. पोटमाळा, तळघर, जिना, मागची मोरी वेगवेगळी दाखवा. पोटमाळ्याला पूर्ण दुकानाचा दर लागलाय का, जिना दोन गाळ्यांत सामाईक असून दोघांनाही पूर्ण धरलाय का, हे तपासा.

पुढच्या ओट्याबद्दल जपून. शटरच्या बाहेर गटारीवर टाकलेली फरशी मापात धरलेली दिसली की लोक तावातावानं लिहितात, 'सदर जागा माझी नाही'. खरंच आहे, ती तुमची नाही. पण ते वाचून अतिक्रमण विभाग दारात आला तर मला दोष देऊ नका. असा ओटा असेल तर आधी तो काढायचा की ठेवायचा ते ठरवा आणि मग अर्ज लिहा.

वापराचा रकाना तितकाच महत्त्वाचा. खाली दुकान, वर राहतं घर ही आपल्याकडची जुनी रीत. सगळी इमारत 'बिगरनिवासी' झाली असेल तर वरच्या मजल्याचं वेगळं लाईट बिल, गॅसचं कार्ड, रेशनकार्ड लावून तो भाग निवासी करून घ्या. घरात बसून शिकवणी घेणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या घरालाही वाणिज्य शिक्का बसलेला सापडतो.

कुपवाड-मिरजेच्या कारखानदारांसाठी एक वेगळी गोष्ट. महापालिकेच्या आकारणी नियमांप्रमाणे इमारतीतल्या यंत्रसामग्रीची किंमत करयोग्य मूल्यात धरायची नसते. भट्टी, क्रेन, लेथ यांच्यामुळं शेडचं भाडेमूल्य फुगलंय असं वाटलं तर हा मुद्दा काढा. आणि शेड ग्रामपंचायत हद्दीत असेल तर कारखान्यानं सगळ्या करांऐवजी ठोक रक्कम द्यावी, असा करार करायची तरतूद ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२५ मध्ये आहे. फार थोडे लोक ती विचारतात.

हिशोब स्वतः करून बघा

भांड्याच्या दुकानाचंच उदाहरण. दर मी सोयीसाठी धरलाय: दरमहा २०० रुपये चौरस मीटर. महापालिकेचे स्वतःचे सगळे कर मिळून ३० टक्के, हेही धरलेलंच. तुम्ही तुमच्या नोटिशीतले आकडे घाला.

२०.१० गुणिले २०० गुणिले १२, म्हणजे वार्षिक भाडेमूल्य ४८,२४० रुपये. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजावट कायद्यानंच मिळते, मागावी लागत नाही. उरले ४३,४१६, हे करयोग्य मूल्य.

आता बिलातल्या ओळी. सामान्य कर, पाणी, सफाई, मलनिस्सारण, अग्निशमन, वृक्ष उपकर वगैरे महापालिकेचे. त्याखाली दोन ओळी सरकारच्या: राज्य शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. हे दोन्ही १९६२ च्या कायद्यातले. भाडेमूल्य वर्षाला ६,००० च्या पुढं गेलं की शिक्षण कर घराला ६ टक्के आणि दुकानाला १२ टक्के लागतो. रोजगार हमी कर घराला नाहीच, दुकानाला ३ टक्के. ६,००० म्हणजे महिन्याला ५०० रुपये भाडं. आजच्या काळात पानाची टपरी सोडली तर कुठला गाळा त्याच्या आत बसणार? म्हणजे बहुतेक सगळे सरसकट १५ टक्क्यांत. महापालिका हे पैसे गोळा करून सरकारला देते. त्यामुळं आयुक्तांनी सवलत जाहीर केली तरी ती सहसा या दोन ओळींना लागत नाही, आणि 'दहा टक्के सूट म्हणाले, मला सहाच मिळाली' ही तक्रार इथूनच येते.

४३,४१६ वर ४५ टक्के म्हणजे १९,५३७ रुपये. तेच २४.६७ चौरस मीटर धरले तर करयोग्य मूल्य ५३,२८७ आणि कर २३,९७९. वर्षाला ४,४४२ रुपये, निव्वळ भिंतीचे. एका रविवारच्या मापाला एवढी मजुरी दुसरीकडं मिळत नाही.

हरकत अर्ज

अर्ज छोटा लिहा. महागाई, मंदी, ऑनलाइन खरेदीनं बाजार बसलाय, हे सगळं खरं असलं तरी ज्याच्या टेबलावर अर्ज जातो त्याला त्यावर काही करता येत नाही. माप चुकलं, हे मात्र त्याला दुरुस्त करता येतं. मी असा लिहितो:

"प्रति, मा. आयुक्त (कर निर्धारण विभाग). विषय: मालमत्ता क्रमांक अमुक, विशेष नोटीस क्रमांक अमुक, दिनांक अमुक याबाबत हरकत. सदर नोटीस मला अमुक तारखेस मिळाली. त्यात तळमजल्याचे चटई क्षेत्र २४.६७ चौ.मी. दाखवले आहे. प्रत्यक्ष चटई क्षेत्र २०.१० चौ.मी. आहे. मोजमापाचा तक्ता, आराखडा व खरेदीखताची प्रत जोडली आहे. तरी माझ्या समक्ष फेरमोजणी करून नोंद दुरुस्त करावी व मला सुनावणीची संधी द्यावी."

बास. दोन हरकती असतील तर दोन परिच्छेद. सोबत खरेदीखत किंवा भाडेकरार, मालमत्ता पत्रक, बांधकाम परवाना असेल तर तो, लाईट बिल, मागची तीन वर्षांची पावती आणि हातानं काढलेला आराखडा. आराखड्याला आर्किटेक्ट हवाच असं नाही, चौकटीच्या वहीचं पान चालतं, मापं लिहिलेली असली म्हणजे झालं.

अर्ज दोन प्रतीत न्या आणि आवक विभागात द्या. ओळखीच्या कारकुनाच्या हातात नको. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का नाही तर अर्ज नाही, असं समजा.

सुनावणी, आणि त्यापुढं

सुनावणीला टेप घेऊन जा. हसू येईल, पण 'आत्ता चला, मोजू' म्हणणाऱ्या माणसाचं म्हणणं ऐकून घेतात. बोलणं तीन मिनिटांत संपवा. फेरमोजणीला माणूस आला की त्याच्या टिपणावर तुम्हीही सही करा आणि मोबाईलवर त्याचा फोटो घ्या.

निकाल लेखी मागा. तो पटला नाही तर महापालिका हद्दीत दिवाणी न्यायालयात कलम ४०६ खाली अपील आहे, पण अटी कडक: पंधरा दिवसांत अपील, आधी हरकत घेऊन तिचा निकाल लागलेला असणं आणि कराच्या मागणीवर अपील असेल तर मागितलेली रक्कम भरलेली असणं. म्हणजे सुरुवातीला हरकतच घेतली नसेल तर कोर्टाचं दारही बंद. नगरपालिकेत अपील समितीकडं जायचं, ग्रामपंचायतीत पंचायत समितीकडं आणि तिथून जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडं.

वाद चालू असताना पैसे थांबवू नका. 'हरकतीचा हक्क राखून भरणा' असं पत्र देऊन भरा. थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो, म्हणजे वर्षाला २४. बँकेच्या ओव्हरड्राफ्टपेक्षा हे महाग.

सवलती: कुठल्या तुमच्या, कुठल्या ऐकीव

आधी ऐकीव. 'पाचशे फुटांना माफी आहे ना?' ती मुंबईत, घरांना, १ जानेवारी २०२२ पासून. 'मी माजी सैनिक आहे.' साताऱ्याकडं हा प्रश्न घरटी येतो. २०२० च्या शासन निर्णयाची करमाफी राहत्या घराला आहे, दुकानगाळ्याला नाही. देवस्थानाचे गाळे? देऊळ करमुक्त, पण रस्त्याच्या बाजूचे भाड्यानं दिलेले गाळे नाहीत. सौर पॅनल, पावसाचं पाणी साठवणं यांच्या सवलती जिथल्या तिथं ठरतात, बिलाच्या मागच्या बाजूला छापलेलं वाचा आणि दुकानाला लागू आहे का ते विचारा.

आता खरी सवलत, जी बहुतेक जण हातानं घालवतात: रिकाम्या जागेची. गाळा रिकामा असेल त्या काळाचा काही कर कमी होतो किंवा परत मिळतो. मूळ अट अशी की जागा रिकामी झाल्याचं लेखी कळवायचं. कळवलं त्या दिवसापासून गणती. आमच्या स्वतःच्या गोदामातून भाडेकरू जूनमध्ये गेला, मी जानेवारीत अर्ज दिला. मधले सात महिने गेले ते गेलेच, आणि मी दुसऱ्यांना सल्ले देणारा. त्या दिवसापासून भाडेकरूकडून किल्ली घेतानाच अर्ज टाईप करून ठेवतो.

रिकामी म्हणजे खरंच रिकामी. आत माल, फर्निचर, रॅक असेल तर ती जागा वापरातच धरतात. भाडेकरूचा करार चालू असून त्यानं नुसतं कुलूप लावलं असेल तरीही. 'रहिवास नसलेल्या मालमत्तांना करात सूट' ही सेवा लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित आहे, तशीच पुनःआकारणी, हस्तांतरण नोंद, थकबाकी नसल्याचा दाखला या सेवाही. मुदतीत काम झालं नाही तर त्याच कायद्याखाली अपील करता येतं. अर्जात या कायद्याचा उल्लेख केला की फाईल जरा लवकर हलते, हा माझा अनुभव.

पाडलेल्या बांधकामाचंही तसंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. पेठेतल्या कित्येक जुन्या मागच्या खोल्या त्या पाण्यात बसल्या. दुकान पुन्हा उभं करायच्या गडबडीत 'खोली पडली' हे कळवायचं राहून गेलं आणि नसलेल्या खोलीची पट्टी सुरूच राहिली. बिलातल्या क्षेत्राशी आजचं माप ताडून बघा. पंचनाम्याची प्रत असेल तर जोडा.

उलट बाजूही सांगतो. मागं पत्र्याचं शेड वाढवलंय आणि नोंद नाही, तर गप्प बसण्यात फार शहाणपण नाही. सुटलेल्या आकारणीसाठी सहा वर्षांपर्यंत मागं जाता येतं. शिवाय विनापरवाना बांधकामाला महापालिका कायद्याच्या कलम २६७ अ खाली वेगळी शास्ती आहे, आणि ती भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही.

थकबाकी असेल तर

मूळ कर आणि शास्ती यांचे आकडे वेगळे लिहून मागा. शास्ती माफीच्या अभय योजना अधूनमधून येतात, बहुधा मार्चच्या तोंडावर. राष्ट्रीय लोकअदालतीतही थकबाकीची प्रकरणं ठेवतात. नगरपालिका क्षेत्रातला दंड अंशतः माफ करता यावा म्हणून सरकारनं २०२५ मध्ये १९६५ च्या कायद्यात बदल केला. तरीही योजनेची वाट बघत तीन-तीन वर्षं न भरणं हा जुगार आहे. योजना येईपर्यंत शास्ती वाढतच असते, आणि माफी होते ती शास्तीची, मूळ कराची नव्हे.

गाळा भाड्याचा असेल तर

कर मुळात मालकाचा. त्यानं भरला नाही तर महापालिका वापरणाऱ्याकडून वसूल करू शकते, आणि तसं झालं तर भाडेकरूला ती रक्कम भाड्यातून कापून घेता येते. करारात 'सर्व कर भाडेकरूने भरावेत' असं मोघम वाक्य असतं. त्याऐवजी वाढीव कर कुणी भरायचा, शास्ती कुणाच्या उशिरामुळं ते कसं ठरवायचं, हे लिहा. गाळा विकत घेताना थकबाकी नसल्याचा दाखला घेतल्याशिवाय टोकन देऊ नका, कारण कराचा बोजा माणसावर नाही, मालमत्तेवर असतो आणि मालमत्तेबरोबर तो तुमच्याकडं येतो. खरेदी झाली की तीन महिन्यांच्या आत नाव लावायचा अर्ज द्या, नाहीतर नोटिसा जुन्या मालकाच्या पत्त्यावर जात राहतील आणि हरकतीची मुदत तुम्हाला न कळताच संपेल.

भरलेली पावती आयकराच्या फाईलला लावा. स्वतःच्या धंद्याच्या जागेचा कर खर्चात धरता येतो, भाड्यानं दिलेल्या जागेचा कर मालकाला भाडे उत्पन्नातून वजा मिळतो. दोन्हीकडं कर प्रत्यक्ष भरलेला असला पाहिजे.

भांड्याच्या दुकानाची फेरमोजणी दोन महिन्यांनी झाली. कोष्टक चटई क्षेत्राचं होतं, नोंद २०.१० झाली. टेप धरायला आलेल्या माणसाला मालकांनी चहा दिला आणि जाताना मला विचारलं, "अण्णा, मागच्या वर्षी पण असंच मापलं असेल का हो?" जुन्या पावत्या काढायला सांगितल्यात. अजून माळ्यावरच आहेत, वरच्या पातेल्यात.